फरक मतांचा की माणसांचा?

वाचकांचे प्रश्न

तीच प्रश्नावली घेऊन दर काही वर्षांनी लोकांकडे जाणारी सर्वेक्षणं, आणि त्यांत निरनिराळ्या गटांची उत्तरं खरोखर वेगळी पडतात का हे तपासायच्या चाचण्या, यांवर या महिन्यात सहा पत्रं आली. या चाचण्यांतला ‘पी’ म्हणजे, खरा फरक काहीच नसता तरी निव्वळ नमुन्याच्या चढउतारानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. तो ०.०५ च्या खाली आला की फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणायची रीत आहे, आणि संगणक त्याच्यापुढे तारा छापतो. मी ३४ वर्षं अशा सर्वेक्षणांचे तक्ते केले, त्यांतली पहिली नऊ हातानं. त्यामुळे उत्तरांत संगणकाच्या बटणांपेक्षा कागद-पेन्सिल जास्त दिसेल, ते चालवून घ्या. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी छापील अहवालांत इतक्यांदा पाहिली की मोजणं सोडून दिलं.

प्रश्न १ : माझ्या प्रबंधासाठी एकाच प्रश्नावलीच्या दोन फेऱ्या केल्या, मध्ये चार वर्षांचं अंतर. प्रत्येक फेरीत ४०० स्त्रिया आणि ४०० पुरुष. माणसं दर वेळी नव्यानं निवडलेली. ‘शेजाऱ्यांवर बहुतेक वेळा विश्वास टाकता येतो’ याला हो म्हणणाऱ्या स्त्रिया ५१ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेल्या, पुरुष ५४ वरून ५८ वर. स्त्रियांमधला बदल सिग्निफिकंट आला (पी ०.०२३), पुरुषांमधला आला नाही (पी ०.२५). माझे मार्गदर्शक म्हणतात, ‘स्त्रियांमध्ये विश्वास वाढला, पुरुषांमध्ये वाढला नाही’ असं सरळ लिहा. लिहू का?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : नका लिहू.

तुम्ही दोन चाचण्या केल्या आहेत. पहिलीनं विचारलं, स्त्रियांमधला बदल शून्यापासून वेगळा ओळखू येतो का. दुसरीनं तेच पुरुषांबद्दल विचारलं. स्त्रियांमधला बदल पुरुषांमधल्या बदलापेक्षा मोठा आहे का, हे तुम्ही आकड्यांना विचारलेलंच नाही. आणि वाक्य मात्र त्याच्या उत्तराचं लिहायला निघालात.

कागद घ्या. हो म्हणणाऱ्यांचा हिस्सा ०.५१, नाही म्हणणाऱ्यांचा ०.४९. दोन्हींचा गुणाकार ४०० नं भागा. दुसऱ्या फेरीसाठी तेच करा, दोन्ही उत्तरांची बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा. स्त्रियांच्या बदलाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ नमुन्यामुळे तो साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, मिळते ३.५ टक्केबिंदू. बदल ८ चा, भागाकार सुमारे २.३. ही संख्या १.९६ च्या, म्हणजे पी ०.०५ च्या सीमेच्या, पुढे, म्हणून तुमच्या पडद्यावर तारा उमटला. पुरुषांची त्रुटीसुद्धा ३.५च, पण बदल ४ चा, म्हणून भागाकार १.१४ आणि तारा नाही. इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही.

आता जो प्रश्न विचारायचा होता तो विचारू. आठातून चार गेले, चार उरले. स्त्रियांनी पुरुषांपेक्षा चार टक्केबिंदू जास्त उडी घेतली. या चाराची त्रुटी किती? ३.५ चा वर्ग अधिक ३.५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ५. चार भागिले पाच, ०.८. पी येतो ०.४२ च्या आसपास. म्हणजे दोघांचा बदल अगदी सारखा असता, तरी निव्वळ नमुन्याच्या चढउतारानं एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून चाळीसेक वेळा दिसला असता. स्त्री-पुरुषांत वेगळं काही घडलं, असं म्हणायला तुमच्या हातात काही नाही.

अँड्र्यू गेल्मन आणि हॅल स्टर्न या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २००६ साली फक्त एवढ्या एका मुद्द्यावर निबंध लिहिला होता: ‘सिग्निफिकंट’ आणि ‘सिग्निफिकंट नाही’ यांच्यातला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही. मार्गदर्शकांना वयानं लहान माणसानं समजावणं अवघड वाटत असेल, तर हा संदर्भ पुढे करा.

आणि ‘पुरुषांमध्ये वाढला नाही’ हे तर आणखी पुढचं धाडस. पुरुषांमधला बदल ४, त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७, म्हणजे त्रुटीची दुप्पट, ठेवा. पट्टा येतो उणे ३ ते अधिक ११. स्त्रियांचा ८ हा आकडा या पट्ट्यात ऐसपैस बसतो. बदल दिसला नाही आणि बदल झाला नाही, या वाक्यांना एकाच मापानं मोजू नका.

संगणकावर करणार असाल तर दोन गटांचे दोन वेगळे हिशेब करू नका. सगळ्या १६०० जणांचा एकच हिशेब मांडा, त्यात फेरी, लिंग आणि या दोघांचा गुणाकार अशी तीन पदं घाला आणि गुणाकाराच्या पदाकडे बघा. तुमचा प्रश्न त्या एका ओळीत आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिली आहे: प्रत्येक फेरीत ४० वस्त्या निवडल्या आणि प्रत्येक वस्तीत १० स्त्रिया, १० पुरुष घेतले. ही ओळ खरं तर सर्वांत वर हवी होती. शेजाऱ्यांवरच्या विश्वासाचा प्रश्न आणि दहा जणी एकाच वस्तीतल्या! त्यांची उत्तरं एकमेकींसारखी असणारच. दहावी स्त्री भेटते तेव्हा पहिल्या नऊ जणींनी बरंचसं सांगून झालेलं असतं. लेस्ली किश यांनी १९६५ च्या नमुना सर्वेक्षणावरच्या ग्रंथात याचा हिशेब घालून दिला, त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात: एक अधिक, (वस्तीतली माणसं उणे एक) गुणिले साम्याचा गुणांक, म्हणजे एकाच वस्तीतल्यांची उत्तरं किती सारखी याचं माप. हा गुणांक समजा ०.०५ धरला, फार नाही. मग ९ गुणिले ०.०५, अधिक १, म्हणजे १.४५. तुमच्या ४०० स्त्रिया हिशेबाला उरल्या ४०० भागिले १.४५, म्हणजे २७६. त्रुटी ३.५ ची झाली ४.२, भागाकार २.३ चा झाला १.९, आणि स्त्रियांच्या बदलावरचा ताराही विझला.

घाबरू नका, यात एक बाजू तुमच्या फायद्याचीही असू शकते. दोन्ही फेऱ्यांत त्याच ४० वस्त्या घेतल्या असतील, तर वस्त्या-वस्त्यांतला कायमचा फरक वजाबाकीत निघून जातो आणि बदलाची त्रुटी कमी होते. त्याच वस्त्या घेतल्या होत्या की नव्या, हे तुम्ही कळवलेलं नाही. संगणकाला वस्तीचा क्रमांक आणि भारांक (कुणाचं उत्तर किती वजनानं मोजायचं तो आकडा) दोन्ही सांगा, सर्वेक्षणासाठी असलेली आज्ञा वापरा. साधी काई-वर्ग चाचणी, म्हणजे तक्त्यातल्या संख्या अपेक्षित संख्यांशी ताडणारी, इथे चालत नाही. कार्ल पिअर्सननं १९०० साली ती मांडली ती एकमेकांशी संबंध नसलेल्या निरीक्षणांसाठी. वस्त्यांच्या नमुन्यासाठी तिची दुरुस्ती राव आणि स्कॉट यांनी १९८१ आणि १९८४ च्या निबंधांत दिली, आणि बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे.

लिहायचंच आहे तर असं लिहा: ‘दोन्ही गटांत हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, दोन गटांतल्या वाढीत फरक असल्याचा पुरावा या नमुन्यात मिळत नाही.’ वाक्य फिकं आहे, मान्य. पण तोंडी परीक्षेत यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

प्रश्न २ : मी क्षेत्र पर्यवेक्षक आहे. आमच्या दुसऱ्या फेरीत एकूण होकार ५० टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेला आणि वरच्या लोकांनी ‘मत बदलतंय’ असा अहवाल केला. पण मी घरोघर फिरलो आहे. या वेळी तरुण मंडळी घरी सापडतच नव्हती, त्यांच्या जागी वयस्क माणसं भरली गेली. शिवाय पहिल्या फेरीत स्त्रियांच्या मुलाखती सहा जणांनी घेतल्या होत्या, या वेळी सगळ्या दोन नव्या मुलींनी घेतल्या. हे सांगितलं तर ‘नमुना मोठा आहे, फरक पडत नाही’ असं उत्तर मिळालं.
— एक पर्यवेक्षक

उत्तर : तुमचं निरीक्षण अहवालापेक्षा मोलाचं आहे. नमुना मोठा असल्यानं ही चूक कमी होत नाही. ती फक्त जास्त ठाम दिसते.

तुम्ही दिलेले वयाचे आकडे मी मांडून पाहिले. पहिल्या फेरीत चाळिशीच्या आतले आणि पुढचे निम्मे-निम्मे. तरुणांत होकार ४० टक्के, वयस्कांत ६०. एकूण ५०. दुसऱ्या फेरीत तरुण ३० टक्के, वयस्क ७०. समजा, एकाही गटाचं मत तसूभर बदललं नाही: ४० चे ३० टक्के १२, ६० चे ७० टक्के ४२, बेरीज ५४. वरच्यांना जो चार टक्केबिंदूंचा ‘बदल’ सापडला, तो एकाही माणसानं मत न बदलता तयार होतो.

याहून वाईटही होऊ शकतं. दोन्ही गटांत होकार दोन-दोननं घटला असता, ४० चा ३८ आणि ६० चा ५८, तरी एकूण आकडा ५२ आला असता, म्हणजे वाढलेलाच. गटागटांत घट आणि बेरजेत वाढ. एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या निबंधामुळे या विसंगतीला त्यांचं नाव चिकटलं, जरी उडनी यूलनं ती कितीतरी आधी दाखवली होती. नावं चिकटण्याच्या बाबतीत संख्याशास्त्र फारसं न्यायी नाही.

म्हणून मतांची चाचणी करण्याआधी माणसांची करा. वय, लिंग, शिक्षण, वस्तीचा प्रकार यांचं वाटप दोन फेऱ्यांत शेजारी-शेजारी मांडा. इथे पी कडे फार बघू नका. मोठ्या नमुन्यात वयाचा एक टक्क्याचा फरकही तारा घेऊन येतो आणि लहान नमुन्यात दहाचाही येत नाही. किती टक्क्यांनी सरकलं आणि त्या गटाचं मत बाकीच्यांपेक्षा किती वेगळं आहे, या दोन गोष्टी बघा. गट खूप सरकला पण त्याचं मत इतरांसारखंच आहे, तर बिघडत नाही. मग दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीचं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे जनगणनेचं वयाचं वाटप लावा आणि टक्केवारी पुन्हा काढा. त्यालाच भारांक लावणं म्हणतात.

भारांकाचीही मर्यादा आहे. घरी सापडलेला तरुण हा न सापडलेल्या तरुणासारखाच असतो, असं तो गुपचूप धरून चालतो. आणि जो गट मुळात वगळलाच आहे त्याला भारांक उभा करू शकत नाही. अमेरिकेतलं जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून चाललं आहे. त्यात स्पॅनिशमधून मुलाखती २००६ पासून सुरू झाल्या. त्याआधी फक्त स्पॅनिश बोलणारी माणसं नमुन्यात येऊच शकत नव्हती. त्यामुळे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांची मतं २००४ आणि २००६ मध्ये ताडून बघायची, तर आधी २००६ मधल्या इंग्रजी मुलाखती वेगळ्या काढून बघाव्या लागतात.

त्या दोन मुलींचं म्हणाल तर हा मुद्दा अहवालात घातल्याशिवाय सही करू नका. सगळ्या स्त्रियांच्या मुलाखती दोघींनीच घेतल्या असतील, तर स्त्रियांमधला बदल आणि त्या दोघींच्या विचारण्याच्या पद्धतीचा परिणाम एकमेकांत इतके मिसळले आहेत की कोणतीही चाचणी ते आता वेगळे करू शकणार नाही. हे मुलाखतींच्या आधी करायचं असतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या सर्वेक्षणांच्या काळात यावर उपाय काढला: एकाच भागातल्या नमुन्याचे यदृच्छया तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या चमूला द्यायचा. सगळ्या चमूंना तोच भाग, तशीच माणसं. उत्तरं वेगळी आली तर तो फरक चमूंचा, लोकांचा नव्हे. पुढच्या फेरीत निदान सहा मुलाखतकार आणि चिठ्ठ्या टाकून वाटप, एवढं तरी मागून घ्या.

प्रश्न ३ : आमच्याकडे दोन्ही फेऱ्यांत तीच २०० माणसं आहेत. होकार ५१ टक्क्यांवरून ५९ वर गेला. काई-वर्ग चाचणीत पी ०.११ आला. म्हणजे बदल नाही असं समजायचं का?
— समाजशास्त्राचे एक शिक्षक

उत्तर : चाचणी चुकीची निवडली गेली. तुम्ही त्याच माणसांना दोन अनोळखी जमाव समजून हिशेब केलात. तुमच्या सोबतच्या तक्त्यात सगळं आहे: दोन्ही वेळा हो ९०, दोन्ही वेळा नाही ७०, हो वरून नाही वर गेलेले १२, नाही वरून हो वर आलेले २८. पहिले १६० जण हललेच नाहीत, ते बदलाबद्दल काहीच सांगत नाहीत. हललेल्या ४० जणांकडे बघा. कल कुठेच नसता तर ते २०-२० वाटले गेले असते. २८ उणे १२, म्हणजे १६, त्याचा वर्ग २५६, भागिले ४०, उत्तर ६.४. पी ०.०११. क्विन मॅकनेमार यांची १९४७ ची ही चाचणी पाकिटाच्या पाठीवर होते.

पण मला हेही सांगा, पहिल्या फेरीत माणसं किती होती? २०० हा फारच गोल आकडा आहे. ३०० पैकी २०० उरली असतील, तर गेलेल्या शंभरांची पहिल्या फेरीतली उत्तरं राहिलेल्यांसारखी होती का हे आधी ताडून बघा.

प्रश्न ४ : प्रश्नावली सुधारताना आम्ही ‘सांगता येत नाही’ हा पर्याय काढला आणि काही प्रश्नांचा क्रम बदलला. प्रश्नांचे शब्द तेच आहेत. आता कमी शिकलेल्या गटात मोठा बदल दिसतो, पदवीधरांत दिसत नाही. हा गटांमधला फरक धरायचा का?
— एका स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती

उत्तर : धरू नका. जो पर्याय काढला तो मुख्यतः कुणाचा होता ते जुन्या फेरीत बघा. बहुतेक सर्वेक्षणांत ‘सांगता येत नाही’ हे उत्तर कमी शिकलेल्यांत जास्त येतं. पर्याय गेल्यावर त्या माणसांना कुठेतरी बसावंच लागलं. पदवीधरांचा तो रकाना आधीपासून जवळजवळ रिकामा असेल, म्हणून तिथे हालचाल नाही.

क्रमाला हलकं समजू नका. १९४८ मध्ये अमेरिकेत हायमन आणि शीट्सली यांनी केलेला प्रयोग मी दर नव्या तुकडीला सांगायची. प्रश्न असा: साम्यवादी देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन वार्तांकन करू द्यावं का? हा प्रश्न आधी विचारला तेव्हा साधारण ३६ टक्के हो म्हणाले. आधी ‘अमेरिकन वार्ताहरांना रशियात जाऊ द्यावं का’ असं विचारून मग हा विचारला, तेव्हा ७३ टक्के. शब्द तेच, देश तोच, वर्ष तेच. आपल्या माणसाला जाऊ द्या म्हटल्यावर त्यांच्या माणसाला नको म्हणायला जीभ रेटत नाही, इतकंच.

आणि मोठमोठ्या संस्थाही यात सापडल्या आहेत. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या शैक्षणिक पातळीची देशव्यापी पाहणी ठरावीक काळानं होते. १९८६ च्या फेरीत ९ आणि १७ वर्षांच्या मुलांची वाचनक्षमता १९८४ च्या तुलनेत धडकन घसरलेली दिसली. दोन वर्षांत एका देशाची मुलं वाचायला विसरली? तज्ज्ञांना विश्वास बसेना आणि त्यांनी निकाल रोखून शोध सुरू केला. पुस्तिका बदलल्या होत्या. तेच उतारे नव्या शेजाऱ्यांमध्ये, नव्या क्रमात आणि वेगळ्या वेळेच्या बंधनात गेले होते. १९८८ मध्ये त्यांनी शहाणपणाची गोष्ट केली: काही मुलांना जुन्या पद्धतीच्या पुस्तिका दिल्या, काहींना १९८६ च्या, आणि कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. घसरणीतला मोठा हिस्सा पुस्तिकांचाच निघाला.

तुम्हीही तेच करा, अजून वेळ गेलेली नाही. पुढच्या फेरीत निम्म्या लोकांना जुनी प्रश्नावली, निम्म्यांना नवी, वाटप यदृच्छया. दोन्ही निम्म्यांतला फरक कमी शिकलेल्यांत किती आणि पदवीधरांत किती, तो वेगवेगळा काढा. मग आधीच्या बदलातून तेवढा वजा करून बघता येईल. तोवर अहवालात या प्रश्नाची दोन फेऱ्यांची रेघ जोडू नका. दोन ठिपके ठेवा, मध्ये जागा सोडा.

प्रश्न ५ : ६० प्रश्न, आणि लिंग, वय, शिक्षण, वस्तीचा प्रकार असे चार गट. प्रत्येकाची दोन फेऱ्यांतल्या बदलासाठी चाचणी केली. १५ ठिकाणी पी ०.०५ च्या खाली आला. त्या १५ वर प्रत्येकी एक परिच्छेद लिहायचा आहे. कुठून सुरुवात करू?
— एक डेटा विश्लेषक

उत्तर : बाराच्या आकड्यापासून करा. ६० गुणिले ४ म्हणजे २४० चाचण्या. जगात काहीही बदललं नसतं तरी त्यांतल्या ५ टक्के, म्हणजे सुमारे १२, ताऱ्यासकट आल्या असत्या. तुमच्याकडे आल्या १५. यांतले तीन खरे असतील किंवा एकही नसेल. कोणते तीन, हे त्या यादीवर लिहिलेलं नाही.

सर्वांत कडक उपाय बॉन्फेरोनीचा: ०.०५ ला २४० नं भागा, म्हणजे ०.०००२, आणि जो पी त्याच्या खाली तोच घ्या. होल्म यांची १९७९ ची पायरीपायरीची पद्धत तितकंच संरक्षण देते आणि थोडी कमी कठोर आहे, म्हणून बॉन्फेरोनीच वापरायला मला कारण दिसत नाही. खोट्या ताऱ्यांचं प्रमाण आटोक्यात राहिलं तरी पुरे, असं असेल तर बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची पद्धत घ्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर, पुढच्या फेरीच्या आधी कागदावर पाच-सहा प्रश्न लिहून तारीख घाला आणि मुख्य चाचण्या तेवढ्याच ठेवा. बाकीच्या सगळ्या तक्त्यांना ‘चाचपणी’ म्हणा.

आणि त्या १५ पैकी सर्वांत मोठा फरक कोणता आहे, त्याच्याकडे सर्वांत संशयानं बघा. हे मी अनुभवानं सांगते. एका पाहणीत समाधानाचा प्रश्न होता, १ ते ५ अशी मोजपट्टी. पहिल्या फेरीत उत्तर नसेल तर रकाना कोरा ठेवायचे. दुसऱ्या फेरीपासून तिथे ९ लिहायचं ठरलं आणि ते मला कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे सूचनापत्रात होतं, मी वाचलं नव्हतं. ज्येष्ठांपैकी ८ टक्क्यांनी उत्तर दिलं नव्हतं, तरुणांपैकी २ टक्क्यांनी. दोन्ही गटांची खरी सरासरी ३.२ होती. ते नऊ मिसळल्यावर तरुणांची झाली ३.३ आणि ज्येष्ठांची ३.७. चाचणी दणदणीत सिग्निफिकंट. ज्येष्ठांचं समाधान का वाढलं असावं यावर मी दोन पानं लिहिली, आणि लिहिताना मला ती पटतही होती. नवीन लागलेल्या एका सहायकानं तक्ता बघून विचारलं, ‘बाई, मोजपट्टी पाचपर्यंत आहे तर सर्वांत मोठं उत्तर नऊ कसं?’ पानं फाडली. तेव्हापासून सरासरीच्या आधी मी प्रत्येक गटाचं सर्वांत लहान उत्तर, सर्वांत मोठं उत्तर आणि न मिळालेल्या उत्तरांची टक्केवारी, फेरीनिहाय, एका कागदावर लिहून घेते. तुमचे १५ फरक त्या कागदातून पार झाले की मग परिच्छेदांचं बघू.

प्रश्न ६ : घटस्फोटित आणि विभक्त राहणाऱ्यांचा गट आमच्या ताज्या फेरीत २३ जणांचा आहे. त्यांच्यात होकार मागच्या फेरीपेक्षा १२ टक्केबिंदूंनी घटला. फिशरची अचूक चाचणी लावली तर चालेल का? लहान गटांसाठी तीच असते ना?
— एक वाचक

उत्तर : चालेल, पण तिच्याकडून फार आशा ठेवू नका. काई-वर्ग चाचणी लहान रकान्यांत बिघडते, अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेल्या की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. फिशरची चाचणी तिथे बिघडत नाही एवढंच. नसलेली माहिती ती आणू शकत नाही. २३ जणांच्या टक्केवारीची त्रुटी पन्नाशीच्या आसपास साडेदहा टक्केबिंदू असते, म्हणजे दोन्ही बाजूंना वीस-वीस. आणि ही एका फेरीची झाली, दोन फेऱ्यांच्या फरकाची त्याहून मोठी. त्यात बारा म्हणजे तीन माणसांनी इकडची तिकडे केलेली गोष्ट.

प्रश्न आणि पद्धत तीच राहिली असेल तर मागच्या तीन-चार फेऱ्यांतली ही माणसं एकत्र करून या गटाची इतरांशी तुलना करा. काळानुसार बदल मात्र सोडून द्या. या गटातला बदलच हवा असेल तर पुढच्या वेळी त्यांचा नमुना मुद्दाम मोठा घ्या आणि एकूण आकडा काढताना भारांकानं तो पुन्हा खाली आणा. या फेरीच्या तक्त्यात त्यांच्या रकान्यात टक्का छापू नका, कंसात फक्त २३ छापा.